इतर कोणी हजर होते का?

सव्वीस वर्षं मी अनोळखी लोकांची दारं वाजवली. विकायला माझ्याकडे काही नसायचं, आणि हेच लोकांना पटायचं नाही. पहिली पाच मिनिटं ते पटवण्यात जायची. पाण्याचा फिल्टर नाही, विमा नाही, वर्गणी नाही. फक्त काही प्रश्न आहेत. "प्रश्न? फुकट?" एका बाईंनी साखळी न काढता दाराच्या फटीतून विचारलं होतं.

मी मत-सर्वेक्षणाचं काम करायची. निवडणूक झाली की लोकांनी मत कोणाला दिलं, का दिलं, घरची परिस्थिती काय, भीती कशाची वाटते, हे विचारून फॉर्म भरायचे. माझा पट्टा मुलुंडपासून खाली कांजूरमार्गापर्यंत आणि पुढे चेंबूरपलीकडे माहुलपर्यंत. हे काम टीव्हीवरच्या आकड्यांसारखं नसतं, म्हणून थोडं सांगते. ऑफिस मतदार यादीतून चिठ्ठी टाकल्यासारखी नावं काढतं. ज्याचं नाव निघालं, त्यालाच भेटायचं. तो घरी नसला आणि शेजारचा बोलायला कितीही उत्सुक असला तरी शेजारचा चालत नाही. चार खेपा घालायच्या. प्रश्न छापलाय तसाच वाचायचा. उत्तर ऐकून मान डोलवायची नाही, भुवई उचलायची नाही. चेहरा कोरा ठेवायचा. हे मला इतकं जमलं होतं की घरीही चेहरा कोराच राहू लागला. आई म्हणायची, "अगं, आमटीत मीठ कमी झालंय की जास्त, एवढं तरी तोंडावर दिसू दे."

आणखी एक नियम होता. माणसाला एकट्याला गाठायचं. घरात दुसरं कोणी बसलेलं असेल तर त्याला हात जोडून बाहेर जायला सांगायचं. तो गेला नाही तर मुलाखत थांबवायची आणि पुन्हा यायचं. फॉर्मच्या शेवटच्या पानावर, आपण बाहेर पडल्यावर जिन्यात उभं राहून भरायचा एक रकाना असायचा: मुलाखतीच्या वेळी इतर कोणी हजर होते का? नव्हते. होते, प्रभाव नाही. होते, प्रभाव जाणवला. तीन चौकोन, त्यातल्या एकात खूण.

आमचं एक काम बरीच वर्षं चाललं. त्याच त्या माणसांकडे दर निवडणुकीनंतर पुन्हा जायचं. मधल्या काळात घर बदललं तर शोधून काढायचं. त्या यादीत परब आणि मिलिंद होते. दोघांचीही नावं मी बदलली आहेत. आणखी काही खुणाही बदलल्या आहेत.

दत्ता परब मूळचे मालवणकडचे. वडील गिरणीत, ते स्वतः भांडुपच्या बाजूच्या एका रंगाच्या कंपनीत. मिलिंद जाधव साताऱ्याकडचे, बौद्ध कुटुंबातले, त्याच कंपनीत, त्याच खात्यात, त्याच पाळीला. कांजूरमार्गच्या एका गल्लीत दोघांची घरं समोरासमोर, मध्ये एक गटार. पहिल्या फेरीत मी गेले तेव्हा परबांची मुलाखत चालू असताना मिलिंद बाहेरून ओरडले, "मॅडम, त्याचं सगळं खोटं लिहा! त्याला दोन वर्षं सांगतोय चष्मा लाव, लावत नाही. तो कुठल्या चिन्हासमोर बटन दाबतो, त्यालाच माहीत नाही!"

"गप रे!" परब आतून म्हणाले. "तुझी पाळी येतली तेव्हा बघतंय."

तेव्हा दोघं कायम नोकरीत होते. परिस्थिती सुधारेल की बिघडेल, या प्रश्नाला दोघांनीही 'सुधारेल' म्हटलं होतं. परबांची बायको, सुमनवहिनी, पाण्याचा तांब्या ठेवून मागे उभ्या राहायच्या. मी त्यांनाही बाहेर पाठवायची. आपल्याच घरातून बाहेर जाताना त्या हसत हसत जायच्या.

दुसऱ्या फेरीपर्यंत कंपनी बंद झाली होती. मालकांनी जमीन एका बिल्डरला दिली. तिथे टॉवर उभा राहिला. गल्लीची मिलिंदच्या बाजूची घरं रस्त्याच्या कामात गेली आणि त्यांना माहुलला पुनर्वसनाच्या इमारतीत जागा मिळाली. परबांची बाजू वाचली. परब त्याच टॉवरच्या गेटवर वॉचमन झाले. जिथे पंचवीस वर्षं रंगाची पिंपं हलवली, तिथे आता गाड्यांचे नंबर लिहून घ्यायचे.

ही नोकरी त्यांना भाऊंनी लावून दिली होती. भाऊ म्हणजे त्या भागातले एका पक्षाचे प्रमुख कार्यकर्ते. पक्षाचं नाव घेत नाही. आपली माणसं आणि बाहेरची माणसं अशी विभागणी करून भाषणं देणारा, तुमच्या ताटातलं बाहेरचे ओढून नेतात असं सांगणारा पक्ष. गल्लीच्या तोंडाशी त्यांचं कार्यालय होतं आणि कार्यालयापुढे एक बाकडं. सकाळी पेपर वाचायला, दुपारी सावलीला, संध्याकाळी नुसतंच बसायला माणसं तिथे यायची. हॉस्पिटलात खाट मिळत नसेल तर भाऊ फोन करायचे. शाळेचा दाखला अडला तर माणूस बरोबर द्यायचे. टॉवरच्या बिल्डरशी भाऊंचं बरं होतं, हे सगळ्यांना माहीत होतं आणि कोणी बोलायचं नाही.

परबांकडे माझ्या तीन खेपा फुकट गेल्या होत्या. चौथ्या खेपेला ते भेटले. मे महिना, वर पत्रा, दार उघडं. मुलाखत निम्म्यावर आली असताना भाऊ आले आणि उंबऱ्यावरच टेकले.

"काय चाललंय? सर्वे? चालू द्या, चालू द्या. मी आपला घरचाच."

नियम मला पाठ होता. त्यांना जायला सांगायचं, नाहीतर फॉर्म मिटायचा. पण चार खेपा झाल्या होत्या. आता मिटला असता तर हे नाव माझ्या यादीतून 'भेटले नाहीत' म्हणून गेलं असतं, आणि मी माझ्या पट्ट्यातलं एकही नाव सहसा सोडायची नाही. त्याचा मला अभिमान होता. मी पुढचं कार्ड परबांच्या हातात दिलं आणि प्रश्न वाचला: तुमच्या किंवा तुमच्या भागातल्या लोकांच्या नोकऱ्या गेल्या, याला तुमच्या मते सर्वांत जास्त कोण जबाबदार आहे? कार्डावर पाच उत्तरं होती, प्रत्येकाला एक आकडा, म्हणजे कोड. सरकार, बाहेरून आलेले लोक, कंपन्यांचे मालक, नवी यंत्रं, नशीब.

परबांनी कार्डाकडे पाहिलंच नाही. "मालक," ते म्हणाले. नेहमीपेक्षा मोठ्या आवाजात. "कंपनी तोट्यात नव्हती, मॅडम. पिंपं आम्ही भरत होतो, आम्हाला माहीत नाही? मालकान जमीन इकल्यान. दुसरो कोण?"

भाऊ हसले. "काय रे दत्ता, झोपेत हायस काय? परवाच्या सभेला पुढच्या रांगेत बसला होतास ना? काय ऐकलंस मग, लाऊडस्पीकर?"

"नाय भाऊ, ता बरोबर हा. पण..." परब माझ्याकडे वळले. "लिवा तुमी मॅडम. मालक. आणि दुसरां म्हणजे..."

भाऊ अजून हसत होते. मीही हसले. तोंडदेखलं, पण हसले. मग मी पुढचं कार्ड दिलं.

मुलाखत पूर्ण झाली. गल्लीच्या कोपऱ्यावर उभी राहून मी शेवटचा रकाना भरला. होते, प्रभाव नाही. हे खोटं नव्हतं, असं मी मनाशी म्हटलं. त्यांनी उत्तर बदललं कुठे?

दीड-दोन महिन्यांनी मी त्याच टॉवरमध्ये दुसऱ्या एका नावासाठी गेले. गेटवर वेगळाच माणूस होता. मी सहज विचारल्यासारखं विचारलं.

"परब? त्याला काढला. भाऊंचा फोन आला म्हणे सुपरवायझरला. तोंड जास्त चालवलं त्याने." मग वही पुढे करून म्हणाला, "तुम्ही कुठल्या फ्लॅटला? इथे सही करा."

मी सही केली आणि लिफ्टने वर गेले. ज्यांना प्रश्न विचारतो त्यांच्या आयुष्यात पडायचं नाही, हाही आमचा नियम होता. ऑफिसला कळवता आलं असतं. कळवलं असतं तर तो फॉर्म बाद झाला असता आणि रकान्यातली माझी खूणही विचारात आली असती. मी कळवलं नाही.

मिलिंदना मी त्याच फेरीत माहुलला शोधलं. एकाला एक चिकटलेल्या सात मजली इमारती, पलीकडे तेलाच्या कारखान्यांच्या चिमण्या. लिफ्ट बंद. सहाव्या मजल्यावर पोचेपर्यंत माझा घसा जळजळायला लागला होता. मिलिंदच्या बायकोचा खोकला मी जिन्यातच ऐकला. ते आता नाक्यावर उभे राहून मिळेल ते काम करत होते.

मी तोच प्रश्न वाचला. त्यांनी कार्ड उलटसुलट करून पाहिलं.

"मॅडम, बोट कोणाकडे दाखवू? इथे राग धरायलासुद्धा कोणी येत नाही हो. कांजूरला निदान भाऊ होता, शिव्या द्यायला. इथे झेंडा लावायला पोरं येतात, वासानं डोकं धरतात आणि अर्धा लावून पळतात."

"एकच उत्तर सांगायचं आहे."

"मग माहीत नाही लिहा." कार्ड परत देत त्यांनी विचारलं, "दत्त्याकडे गेला होता का? काय म्हणतो? फोन लावला की कट करतो तो हल्ली."

एकाचं दुसऱ्याला सांगायचं नाही. मी म्हटलं, "मला सांगता येणार नाही, जाधव." त्यांनी मान हलवली. मत दिलं का, या प्रश्नाला ते म्हणाले, नाव अजून कांजूरच्याच यादीत आहे, जाऊन येण्यात दिवस मोडतो. मी 'दिलं नाही' वर खूण केली.

मुलुंडला मात्र लोक मत चुकवत नाहीत. तिथल्या एका सोसायटीत बँकेतून निवृत्त झालेले एक गृहस्थ माझ्या यादीत होते. त्यांनी आधी माझं ओळखपत्र चष्मा लावून वाचलं, मग माझ्या फॉर्ममधल्या शुद्धलेखनाच्या तीन चुका दाखवल्या. तीनही बरोबर होत्या. आपण भाऊंच्याच पक्षाला मत दिलं, देशासाठी दिलं, आपल्याला स्वतःला कशाची काळजी नाही, असं त्यांनी स्वच्छ सांगितलं. पुढच्या काही वर्षांत घरची परिस्थिती सुधारेल की बिघडेल, हा प्रश्न आला तेव्हा त्यांनी आतल्या खोलीकडे पाहिलं. आत त्यांचा चाळिशीला आलेला मुलगा बंद लॅपटॉपपुढे बसला होता. त्याची नोकरी गेली होती, आणि सोसायटीत सांगितलं होतं की तो घरून काम करतो. "सुधारेल," ते म्हणाले. मग हळूच, "पेन्सिलीने लिहिता ना तुम्ही?"

अहवाल आला तेव्हा आमच्या सरांनी मला बोलावून नकाशा दाखवला. सर चांगले होते. त्यांनी माझ्यासारख्या दारोदार फिरणाऱ्या बाईला कधी कमी लेखलं नाही. त्या पक्षाला मिळालेल्या मतांच्या नकाशात मुलुंड आणि कांजूर गडद होते, माहुल फिकट. "बाई, नोकरी जाण्याची भीती तिन्हीकडे आहे," ते म्हणाले. "माहुलला तर सर्वांत जास्त. मग हा पक्ष तिथे का वाढत नाही?"

"कांजूरला बाकडं आहे, सर," मी म्हटलं. "लोकांना एकटं वाटलं की ते तिथे जाऊन बसतात. भीती घेऊन येतात, आणि ती कोणामुळे आहे ते तिथे बसून ऐकतात. माहुलला बसायला जागाच नाही. आणि मुलुंडला प्रत्येकाच्या घरी आपापलं बाकडं आहे. टीव्हीसमोर."

सर मनापासून हसले. "अगदी खरं आहे. पण बाकड्याला कोड कोणता देऊ?"

तिसऱ्या फेरीला मी परबांकडे गेले तेव्हा ते पुन्हा टॉवरच्या गेटवर होते. मधली काही वर्षं त्यांनी बाकड्यावर काढली होती, सभांना पुढच्या रांगेत बसून, मिरवणुकीत झेंडा धरून. मग भाऊंनी पुन्हा फोन केला असावा. खिशाला पक्षाचा बिल्ला होता. केस पार पिकले होते. चष्मा लावला होता.

मी या वेळी सगळं नीट केलं. दार लावून घेतलं. खिडकीही लावली. सुमनवहिनींना शेजारी पाठवलं. प्रश्नाचं कार्ड त्यांच्या हातात दिलं. त्यांनी पाचही उत्तरं वाचली आणि दुसऱ्यावर बोट ठेवलं. बाहेरून आलेले लोक.

प्रश्न एकदा पुन्हा वाचण्याची मुभा असते. मी वाचला. बोट हललं नाही.

"परब," मी म्हटलं. नियमात हे बसत नव्हतं. "आज इथे कोणी नाही. दार बंद आहे."

त्यांनी चष्म्याच्या वरून माझ्याकडे पाहिलं. "तुमी आसात ना, मॅडम," ते शांतपणे म्हणाले.

मी खूण केली. तोपर्यंत फॉर्म जाऊन टॅब आला होता. बोट टेकवलं की काम झालं. शेवटच्या रकान्यात मी 'नव्हते' निवडलं. पुढच्या अहवालात असुरक्षित माणसं या पक्षाकडे कशी वळली, यावर एक अख्खं प्रकरण होतं. त्या वळलेल्यांत परब होते. आकडा चुकीचा नव्हता. त्यांनी मत त्या पक्षालाच दिलं असेल. मला फक्त ते कसे वळले हे माहीत होतं, आणि ते लिहायला त्यात कुठे जागा नव्हती.

मी निवृत्त झाले त्याला आता तीन वर्षं होतील. गेल्या वर्षी एका सकाळी रिक्षाने कांजूरवरून जात असताना गल्लीच्या तोंडाशी फ्लेक्स दिसला. परबांचा फोटो, तोच चष्मा, वर हार छापलेला. वरच्या ओळीत पाच-सहा नेत्यांचे चेहरे, परबांच्या चेहऱ्याहून मोठे. खाली लिहिलं होतं: आमचे कट्टर, निष्ठावंत कार्यकर्ते. भावपूर्ण श्रद्धांजली.

मी रिक्षा सोडली.

घरात सुमनवहिनी भिंतीला टेकून बसल्या होत्या. समोर, पायरीवर नव्हे, अगदी आत, मिलिंद बसले होते. त्यांनी मला लगेच ओळखलं. "या मॅडम. आज फॉर्म नाही?"

"नाही. मी निवृत्त झाले."

परबांना गेटवरच छातीत कळ आली होती. भाऊंच्या माणसांनी ॲम्ब्युलन्स आणली, तीही लगेच. हॉस्पिटलात तेच धावले. खांदाही त्यांनीच दिला. "मी माहुलवरून पोचेपर्यंत सगळं आटपलं होतं," मिलिंद म्हणाले. "दोन बदलाव्या लागतात ना गाड्या. तोंडसुद्धा बघायला मिळालं नाही." मग फ्लेक्सच्या दिशेने हात करून म्हणाले, "कट्टर म्हणे! दत्त्या कसला कट्टर? पत्त्यात हुकूम कुठला तेही दर डावाला विचारायचा."

वहिनी किंचित हसल्या. "फ्लेक्स काढा म्हणून कसं सांगू, भावजी? वेळेला आले तर तेच ना."

 

मी इतकी वर्षं मनात घोळवलेलं वाक्य उच्चारलं. म्हटलं, वहिनी, त्या वेळी भाऊ दारात बसले होते, मी त्यांना उठवायला हवं होतं. मी उठवलं नाही, म्हणून परबांची नोकरी गेली. चूक माझी होती.

वहिनींनी माझ्याकडे नवल वाटल्यासारखं पाहिलं.

"त्यांना दिसत होता की भाऊ," त्या म्हणाल्या. "दिसत होता म्हणूनच बोलले. आदल्या रात्री मला म्हणाले होते, भाऊंना एकदा तोंडावर सांगायचंय, पण एकट्याने धीर होत नाही. दुसऱ्या दिवशी तुम्ही आलात. शिकलेली बाई आहे, हातात कागद आहे, छापील प्रश्न आहे. त्यांना वाटलं, हिच्यासमोर बोललो तर नोंद होईल कुठेतरी.  तुम्ही गेल्यावर म्हणाले, मॅडमपण हसल्या गं."

चेहरा कोरा ठेवायची इतक्या वर्षांची सवय त्या वेळी कुठे गेली कळलं नाही. मिलिंदनी पाण्याचा पेला माझ्यापुढे सरकवला आणि दुसरीकडे पाहू लागले.

थोड्या वेळाने वहिनींनी विचारलं, "तो कागद मिळेल का? त्यात त्यांनी सांगितलेलं असेल ना लिहिलेलं? पोरांना दाखवीन. बाहेर ते लावलंय, तेवढंच नको राहायला."

तो कागद नव्हता. उत्तरांचे आकडे संगणकात गेले की लोकांच्या नावाचे फॉर्म फाडून नष्ट करायचे, कोणाचं बोलणं कोणाच्या हाती लागू नये म्हणून. त्या फेरीचे गठ्ठे यंत्रात घातले गेले तेव्हा देखरेखीला मीच होते. 'कंपन्यांचे मालक' म्हणजे तीन. परबांच्या त्या दुपारचं उरलं होतं ते एवढंच, एका लांबलचक रांगेत तीनचा आकडा.

मी हे त्यांना सांगितलं. मग म्हटलं, पण मला पाठ आहे.

एका माणसाचं उत्तर दुसऱ्याला मी आयुष्यात पहिल्यांदा सांगितलं. त्यांच्याच शब्दांत सांगितलं, मालवणी मला बोलता येत नाही तरी. कंपनी तोट्यात नव्हती. पिंपं आम्ही भरत होतो, आम्हाला माहीत नाही? मालकान जमीन इकल्यान. दुसरो कोण? मग भाऊ काय म्हणाले ते सांगितलं. मग परब म्हणाले, लिवा तुमी मॅडम. मालक. आणि दुसरां म्हणजे...

वहिनी डोळे मिटून ऐकत होत्या. मी थांबले तरी त्यांनी ते उघडले नाहीत.

"दुसरां म्हणजे काय?" त्यांनी विचारलं.

मिलिंदही माझ्याकडे बघत होते.

"माहीत नाही, वहिनी," मी म्हटलं. "मी पुढचा प्रश्न विचारला."